बहात्तर तास आणि अक्काचं दही

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. माझी मुलगी जर्मनीत, जावई धुळ्याचे पण तेही तिकडेच, आणि जगभर साथ चाललेली. मुलगी माहेरी येऊ शकत नव्हती, तेव्हा माहेरानेच उठून तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी. यांना विचारलं तर म्हणाले, "मी तिकडे जाऊन काय करू? दारात उभा राहून झालं का, झालं का विचारत बसेन." ते खरंच होतं. आमच्या मुलीच्या वेळीही त्यांनी तेवढंच केलं होतं.

मी जन्मभर जळगावात शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी लाल पेन सुटलं नाही. प्रवासाच्या नियमांसाठी मी एक शंभर पानी वही केली. मुलगी फोनवर सांगायची, मी लिहून घ्यायचे, आणि दोन दिवसांनी तीच म्हणायची, "आई, ते खोड. बदललं." लसीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्टचा नंबर हवा. चाचणीच्या अहवालावरही हवा. अहवाल विमान सुटण्याआधीच्या बहात्तर तासांतला हवा. हे बहात्तर तास नमुना दिल्यापासून मोजायचे की अहवाल हातात आल्यापासून, हे मी चार ठिकाणी विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मुलांनी पेपरवर बहिष्कार टाकला असता. शेवटी मी नमुन्यापासून मोजायचं ठरवलं, कारण त्यात चुकण्याची भीती कमी होती.

पण खरी भीती वेगळीच होती. चाचणी पॉझिटिव्ह आली तर जाणं रद्द, आणि मुलगी त्या परक्या गावात एकटी बाळंत होणार. तिला तिकडे ना आत्या, ना मावशी. रोज संध्याकाळी फोनवर ती हसून बोलायची आणि ठेवताना हळूच विचारायची, "आई, तू येणार ना नक्की?" म्हणून निघायच्या बारा दिवस आधी मी फाटकाला आतून कुलूप लावलं.

बाहेरगावी जाणाऱ्या माणसाला सुखासुखी जाऊ देणं खानदेशात कोणाला जमत नाही. नुसतं पुण्याला निघालं तरी दोन घरी जेवावं लागतं. इथे तर बाई सातासमुद्रापार चाललेली. त्यातून दिवस जानेवारीचे, म्हणजे भरताचे. जिकडेतिकडे शेतांत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि रोज कोणीतरी बोलावत होतं. मी सगळ्यांना नाही म्हटलं. शेजारीण भरताचा डबा घेऊन आली तर तिला म्हटलं, भिंतीवर ठेवा आणि मागे सरका. तिने ठेवला, मागेही सरकली, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अजून विमानात बसल्या नाहीत, तर एवढा तोरा." भरीत मात्र फक्कड होतं. मी ते पुन्हा गरम करून खाल्लं आणि डबा साबणाने तीनदा धुऊन भिंतीवर परत ठेवला.

दूधवाला लांबून दूध ओतायचा. यांना मी बाजारात जाऊ देत नव्हते. केळ्यांच्या गावात राहून बारा दिवस घरात केळं नव्हतं, यावरून काय ते समजा. हे दिवसातून एकदा म्हणायचे, "तुरुंगात निदान भेटायला येऊ देतात."

रविवारी संध्याकाळी अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ती सोळाची. माझी वेणी घालण्यापासून माझ्या लग्नात रडण्यापर्यंत आईची सगळी कामं तिनेच केली. माझं बाळंतपणही तिनेच केलं. ती धरणगावला लेकाकडे असते, घरात आणि बाहेर खानदेशीच बोलते, आणि तिच्याशी बोलताना माझीही शाळेतली मराठी कुठल्या कुठे जाते. एसटी बंद होत्या त्या दिवसांत. ती काळीपिवळीत दाटीवाटीने बसून आली होती. एका हातात मोठी पिशवी, दुसऱ्यात स्टीलचा डबा, आणि मास्क होता तो हनुवटीवर.

फाटकाच्या गजांतून ती म्हणाली, "का वं, मले बी बाहेरच ठेवशी का?"

"अक्का, तू कसाले उनी? फोनवर सांगेल व्हतं ना तुले."

"फोनवर दही देता येस का?"

निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही-साखर द्यायची, ही तिची जुनी सवय. मी बी.एड.ला निघाले तेव्हा दिलं, नोकरीवर रुजू झाले तेव्हा दिलं. दही न खाता निघालेलं माणूस तिच्या लेखी निघालेलंच नसतं. मी फाटक उघडलं. दुसऱ्या कोणासाठी उघडलं नसतं.

ती ओट्यावर बसली. मी दोन मास्क लावून सहा फुटांवर उभी राहिले, तर ती हसायला लागली. मग तिने पिशवीतून गोधडी काढली. बाळाची, एवढीशी, बारीक टाक्यांची. जुन्या मऊ पातळांची गोधडी बाळाला टोचत नाही, म्हणून आमच्याकडे नव्या कापडाची शिवत नाहीत. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती सांगत होती. हे तिचं पातळ, हे माझ्या सासूबाईंचं. मधल्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवून ती थांबली.

"यामा मायनं पातळ बी शे."

आईचं पातळ तिने इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तिने डबा उघडला, दह्यात साखर कालवली, आणि उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तोंड उघाड."

"हातवर दे ना, अक्का."

"हातवर नही. मी भरावस."

दहा दिवस मी दूधवाल्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं. शेजारणीचा डबा तीनदा धुतला होता. आणि अक्काने तोंड उघड म्हटल्यावर मी दोन्ही मास्क खाली ओढले आणि सहा वर्षांच्या पोरीसारखं तोंड उघडलं. तिने चार बोटांनी दही भरवलं, हनुवटीला लागलेलं पदराने पुसलं, माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. चहासुद्धा न घेता ती न्यायला आलेल्या भाच्याच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या, मोटरसायकलवर परत गेली. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे कबूल करते.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी नमुना दिला. तपासणाऱ्याने ती लांब काडी नाकात अशी घातली की थेट मेंदूची विचारपूस करून आली. मी डोळे पुसत त्याच्याकडून पासपोर्टचा नंबर दोनदा वाचून घेतला. एक आकडा चुकवलाच होता त्याने. मंगळवारी सकाळी अहवाल आला. यांनी दहावीचा निकाल वाचावा तसा मोठ्याने वाचला, "निगेटिव्ह!" मी देवापुढे साखर ठेवली, मुलीला फोन केला, ती पलीकडे एकदम रडायलाच लागली. बुधवारी दुपारचं विमान होतं. आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. हे मला विमानतळापर्यंत पोचवायला येणार होते.

पाचोरा सुटलं तसा अक्काचा फोन आला. आवाज बसलेला.

"मले ताप शे. तपासनी करी आज. निंघना तो मन्हामा."

गाडीच्या आवाजात मी दुसरा कान बोटाने बंद केला.

"तुले सांगतीच नही मी. पन तठे ल्हाना जीव येनार शे. मन्हा हाते वाटोळं व्हयनं वं."

आणि तिने फोन ठेवून दिला. अक्काने मला माझ्या आयुष्यात कधी फोनवर रडू ऐकवलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. तिने आधीच ठेवला.

मी वही काढली. रविवारी संध्याकाळी सहाला दही, सोमवारी सकाळी दहाला नमुना. मध्ये सोळा तास. तपासणारा मला बोलता बोलता म्हणाला होता, संपर्क आल्या आल्या तपासून उपयोग नसतो मॅडम, तीन-चार दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणजे माझ्या पर्समधल्या त्या शिक्क्याच्या कागदाला विमान कंपनीच्या लेखी किंमत होती, माझ्या लेखी शून्य. बहात्तर तासांचं गणित मी अचूक सोडवलं होतं आणि उत्तर चुकलं होतं.

यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. मग म्हणाले, "अगं, रिपोर्ट आहे ना आपल्याकडे. अक्काचा फोन आला हे तुला आणि मलाच माहीत."

मी त्यांच्यावर चिडले नाही, कारण माझ्याही मनात नेमकं तेच चाललं होतं. मनमाडपर्यंत मी स्वतःला पटवत होते. लस झालीय, ताप नाही, घसा दुखत नाही, एक घास दही ते काय. पण डोळे मिटले की मुलीचं पोट दिसायचं. व्हिडिओवर ती ते कौतुकाने दाखवायची. मनमाडला गाडी थांबली तेव्हा मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दही, मास्क, सोळा तास, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. मी ओरडले असते.

ती म्हणाली, "अक्कामावशी कशी आहे?" आणि नंतर, "आई, तू ये तर. आमच्या इमारतीत खाली पाहुण्यांसाठी एक खोली आहे. आम्ही ती घेतो. तू तिथे राहा. पण ये."

पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. ती बहुधा बापावर गेली नाही आणि माझ्यावरही नाही. अक्कावर गेली असावी.

बुधवारी सकाळी विमानतळावर एक फॉर्म भरायचा होता. नाव, पत्ता, लस, आणि मग तो प्रश्न: गेल्या काही दिवसांत तुम्ही बाधित व्यक्तीच्या संपर्कात आला होता का? होय, नाही. दोन चौकोन. माझ्या मागे रांग होती. माझ्या हातात पेन होतं, तेही लालच, कारण दुसरं मी जवळ ठेवतच नाही. हे काचेच्या बाहेर उभे होते, तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नव्हते. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय, त्यांनी हात हलवला.

वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना मी किती वेळा उभं केलं असेल. मी "होय"वर खूण केली आणि फॉर्म पुढे सरकवला.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म बघितला, मग मला बघितलं. "काकू, तुम्ही चुकून इथे..."

"चुकून नाही," मी म्हटलं. "बहिणीने दही भरवलं. दोन दिवसांनी तिला निघाला."

ती आत गेली आणि एका साहेबाला घेऊन आली. त्याने सगळं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, दह्यासकट. तो म्हणाला, इथे तपासणी आहे, अहवाल लवकर मिळतो, पुन्हा नमुना द्या. आला तसा बघू. नाही आला नीट तर जाता येणार नाही. मी म्हटलं, नाही आला नीट तर मला जायचंच नाही.

पुन्हा काडी, पुन्हा मेंदूची विचारपूस. मग एका निळ्या खुर्चीवर बसून राहिले. दोन्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसू नये म्हणून फुल्या मारलेल्या होत्या. पायाशी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गोधडी. मला अक्काचा भयंकर राग आला. इतका की फोन करून चार शब्द सुनवावेसे वाटले. आणि त्याच वेळी असंही वाटलं की तिला काही झालं तर मी या दह्याचं काय करू, ते आयुष्यभर माझ्या तोंडात राहील. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ताप आहे, पण बोटाला लावायचं ते यंत्र बरा आकडा दाखवतंय. जेवत मात्र नाही.

दोन तासांनी ती काउंटरवरची मुलगी स्वतः उठून आली. लांबूनच तिने अंगठा वर केला. मी खुर्चीतून उठले आणि पिशवी उचलली. काचेबाहेर हे उभेच होते, डब्यातली पोळी खात. मी त्यांना खुणेने सांगितलं, सुटले. त्यांनी पोळी धरलेला हात हलवला.

तरी माझं समाधान झालं नव्हतं. तिकडे उतरल्यावर जावई मास्क लावून, गाडीच्या खिडक्या उघड्या टाकून न्यायला आले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. त्यांनी मला लांबूनच वाकून नमस्कार केला. मला तळमजल्यावरच्या खोलीत सोडलं. खोली छान होती, एक पलंग, छोटी शेगडी आणि भिंतीला गरम होणाऱ्या लोखंडी नळ्या. मुलगी दोन मजले वर. मी आले तेव्हा ती खिडकीत उभी होती आणि मी खाली बर्फात. दोन वर्षांनी आम्ही एकमेकींना बघत होतो, मान वर आणि मान खाली करून.

रोज सकाळी घरच्या घरी करायची तपासणी. पट्टीवर एक रेघ आली तर बरं, दोन आल्या तर नाही. मी चष्मा लावून, खिडकीशी धरून बघायचे आणि फोटो वर पाठवायचे. वरून उत्तर यायचं, "एकच आहे आई, झोप आता." डिंकाचे लाडू जळगावात अक्का येण्याच्या आठवडाभर आधी वळलेले होते, त्यामुळे ते निर्दोष होते. ते तेवढे मी वर पाठवले, चार माझ्याकडे ठेवले. गोधडी गरम पाण्यात धुतली आणि त्या लोखंडी नळ्यांवर वाळत घातली. खोलीभर ओल्या सुताचा वास भरला, आमच्या जुन्या घरातल्यासारखा.

चौथ्या दिवशी दुपारी मुलीला कळा सुरू झाल्या. मी खिडकीतून बघितलं. जावयाच्या खांद्यावर हात टाकून ती गाडीपर्यंत हळूहळू चालत गेली, मध्येच थांबली, वळली, मला बघून हसायचा प्रयत्न केला. मी काचेवर दोन्ही हात टेकून उभी राहिले. एवढ्या लांब आले आणि शेवटची वीस पावलं चालायची मला मुभा नव्हती. त्या वेळी मी मोठ्याने रडले, कोणी ऐकणारं नव्हतं म्हणून बरं. नंतर जावयांचा निरोप आला की दवाखान्यात सध्या बाळंतिणीबरोबर एकाच माणसाला सोडतात, आणि तो तेच असणार. म्हणजे मी धडधाकट असते तरी बाहेरच राहिले असते. त्या सगळ्या साथीत एका नियमाने मला बरं वाटलं, तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी हातात लाडू घेतला, तोंड गोड करायला माणूस शोधलं, कोणी नव्हतं, तो मीच खाल्ला.

माझी सातव्या दिवशीची मोठी तपासणी जावयांनी केंद्रावर नेऊन करवली. आठव्या दिवशी अहवाल आला. निगेटिव्ह. मी आंघोळ केली, नवं पातळ नेसले, गोधडी छातीशी धरली आणि जिना चढून वर गेले. लिफ्ट होती, पण मला थांबवेना. मुलीने दार उघडलं. तिने बाळ माझ्या हातात दिलं, गोधडीसकट मी ते घेतलं, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझा श्वास खालपर्यंत गेला. इवलंसं नाक, मिटलेल्या मुठी, अंगावर निळा तुकडा.

मुलीने अक्काला व्हिडिओ फोन लावला. भाच्याने फोन धरला होता. अक्का खाटेवर बसलेली, वाळलेली, पण ताप उतरलेला. मी बाळ दाखवायला फोन वळवला तर ती म्हणाली, "थांब. पहिले तू दिस. तुले ताप उना का?"

"नही उना, अक्का."

"खरं सांग."

"खरंच नही. येकदा बी नही."

भाचा मागून म्हणाला, "मावशी, हिनं दही सोडलंय. त्या दिवसापासून शिवली नाही."

"तू पोरजोडे जास तोवर खाऊ नही म्हनीसन," अक्का पुटपुटली. मी लेकीजवळ पोचेपर्यंतचा नेमच केला होता तिने. दुपारी दही नसेल तर ताटावरून उठणारी बाई ती.

"मंग आते खाय ना," मी म्हटलं.

भाचा फोन उशीला टेकवून वाटी घेऊन आला. तिने साखर घातली, बोटांनी कालवलं. मग बाळाकडे एकदा नीट बघितलं, पदराने डोळे टिपले, आणि दह्याची ती चार बोटं आपल्या तोंडाकडे न नेता फोनकडे आणली. पडद्यावर नुसती बोटं आणि दही दिसत होतं.

"तोंड उघाड," ती म्हणाली.

मुलगी हसायला लागली, जावई स्वयंपाकघरातून बघत होते. मी बाळाला नीट धरलं आणि फोनसमोर तोंड उघडलं.